गाडी थांबवू नका

आमच्या गावच्या रस्त्याने ओळखीचं माणूस पायी चाललेलं दिसलं आणि गाडीवाला न थांबता पुढे गेला, असं होत नाही. थांबायचं आणि "बसा" म्हणायचं, ही रीत आहे. जो थांबत नाही त्याच्याबद्दल गावात चार दिवस बोललं जातं. "बसा" म्हटल्यावर जो बसत नाही, त्याच्याबद्दल आठ दिवस. बांधाचं भांडण असेल, भाऊबंदकी असेल, नाहीतर दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसायला कुणी नाही कशाला म्हणेल? माझ्या मुलाचं, सोमेश्वरचं, घोडं अडलं ते या रीतीपाशी. आणि माझ्यापाशी. दोन्ही सांगते.

तीर्थपुरीपासून आमचं गाव साडेचार किलोमीटर. सोमेश्वर एका बियाणे कंपनीत सुपरवायझर आहे. जालन्याला एमआयडीसीत कंपनीचा प्लांट आहे, पण याची नोकरी रानातली. कंपनी शेतकऱ्यांना कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट देते. तिथे बाया दुपारी एकेका कळीतले केसर काढून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर हाताने फिरवतात. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. फूल उमलल्यापासून दोन-तीन तासांत काम उरकावं लागतं, म्हणून सुपरवायझर सकाळी सातला पहिल्या बांधावर हवा. अकरा गावांतले चाळीस प्लॉट, दिवसाला शंभर किलोमीटर गाडी. घरी यायला रात्रीचे आठ.

लहानपणी तो काडीसारखा होता. तीर्थपुरीच्या शाळेत पायी जायचा, पायी यायचा, वाटेत चिंचा पाडायचा. नोकरी लागली, गाडी आली आणि पाच-सहा वर्षांत पोट हँडलला टेकायला लागलं. प्रत्येक बांधावर चहा. सुपरवायझरसाहेब आले म्हणून चहात साखर जास्त. त्याचा स्वभाव असा की समोरच्याचं मन मोडायचं म्हटलं की याच्याच कपाळावर घाम. त्यात नोकरीही तशीच. शेतकरी नाराज झाला तर पुढच्या वर्षी प्लॉट दुसऱ्या कंपनीला देतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. जूनमध्ये हंगामाआधी कंपनीने सगळ्यांची तपासणी केली. त्यात याची साखर निघाली दोनशे शहाऐंशी. डॉक्टरने गोळी लिहून दिली, खाण्याचा कागद दिला आणि सांगितलं, रोज पन्नास मिनिटं भरभर चाला. रोज म्हणजे रोज. गोळी अर्धं काम करते, अर्धं पायांनी करायचं.

हे त्याने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्याच्या वडिलांचा पाय आला. ह्यांना साखर होती. अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. गल्लीत पहिला संडास आमच्याकडे बांधला गेला तो त्यांना बाहेर जाता येईना म्हणून. तीन वर्षं बाजेवर काढली आणि एक्कावन्नाव्या वर्षी गेले. हे सगळं त्या क्षणी आठवलं. तरी माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं?

"कुणाला सांगितलंस का?"

"न्हाई. का?"

"सांगू नको. वंदनाला सांग, बाहेर कुठं बोलू नको."

वंदना त्याची बायको. कारण होतं ते त्याच्या बहिणीचं, तृप्तीचं. अंबडकडच्या एका स्थळाची बोलणी चालली होती. मुलगा शिक्षक, घर चांगलं. मध्ये होती माझी मावसबहीण गिरिजाबाई. तिने सुरुवातीलाच विचारलं होतं, "उषे, कारभारीदाजींचा पाय कशानं गेल्ता? तिकडचे विचारून राह्यले." मी सांगितलं होतं, काटा मोडला, सेप्टिक झालं. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आता मुलालाही साखर आहे म्हटल्यावर खानदानात आहे असं झालं असतं. मी बी.ए. झालेली बाई. साखरेला लाजायचं नसतं हे मला माहीत होतं. पण मुलीचं स्थळ चालू असताना जे माहीत असतं ते कुठे जातं कुणास ठाऊक.

"जमेपर्यंतच," मी म्हणाले.

"बरं," सोमेश्वर म्हणाला. त्याला नाही म्हणता येत नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

त्याच्या दिवसात चालायला एकच फट होती, पहाटे पाच ते सहा. रानात चालावं तर जुलैत काळ्या मातीचा नुसता राडा. अंगणात चालावं तर ते आठ पावलांचं. तरी दोन दिवस अंगणात फेऱ्या मारल्या. शेजारची पोरं त्याच्या मागे रांगेने चालायला लागली आणि चतुराबाई, माझी नणंद, भिंतीवरून म्हणाली, "सोम्या, काय हरवलं रे? सांग की, मी पण शोधते." राहिला रस्ता.

पहिल्या दिवशी गावाची वेस ओलांडून दोनशे पावलं झाली नसतील, मागून भुजंग आला. भुजंग दूधवाला. गावातल्या चाळीस घरांचं दूध गोळा करून पहाटे तीर्थपुरीला नेतो. दोन्ही बाजूला कॅन लावलेली गाडी त्याने थांबवली.

"सायेब, गाडी बिघडली का?"

"न्हाई न्हाई. असंच."

"असंच म्हंजे? बसा की."

"राहू दे भुजंग, चाललो मी."

"आता घ्या! कॅनला लागून बसावं लागतंय म्हणून व्हय? मी जागा करतो ना. बसा जल्दी, दूध नासंल."

सोमेश्वर बसला. भुजंगच्या मेहुण्याचा प्लॉट त्याच्याकडे होता. तीर्थपुरीत भुजंगने चहा पाजला. परत निघाला तर अर्ध्या किलोमीटरवर दुसरी गाडी थांबली आणि घरापर्यंत सोडून गेली. गाडीवाल्याला दारातून तसंच कसं पाठवायचं? वंदनाने चहा टाकला. त्याच्याबरोबर यानेही घेतला.

महिनाभर हेच चाललं. कधी भुजंग, कधी तालुक्याला जाणारा जीपवाला, कधी प्लॉटवाला शेतकरी, तो तर मुद्दाम गाडी वळवून यायचा. सोमेश्वर रोज पाचला उठायचा, बूट घालायचा आणि दिवसाकाठी दहा मिनिटंही चालणं होत नव्हतं. वंदना एकदा मला म्हणाली, "आत्या, ह्यांनी गाड्यांवर बसायची प्रॅक्टिस चालवली का?" मी हसले. मग त्याची साखर तपासली. तीनशे एक.

त्या दिवशी मी त्याला म्हणू शकले असते, सांग लोकांना. म्हणाले नाही. अंबडकडच्यांचा त्याच आठवड्यात निरोप आला होता की मुलगी पसंत आहे, बाकीचं बोलू.

मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. त्याच्या लक्षात आलं होतं की रस्त्यावर रोज एक म्हातारा भेटतो, त्याच्यासाठी मात्र कुणीच थांबत नाही. भुजंग तर त्याला बघून मान फिरवतो. म्हाताऱ्याच्या हातात टमरेल असायचं. पहाटे हातात टमरेल घेऊन चाललेल्या माणसाला कुणी "कुठं निघालात" विचारत नाही, आणि "बसा" तर मुळीच म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमेश्वरने मोरीतलं जुनं प्लास्टिकचं टमरेल उचललं. मी पाहिलं आणि विचारलं, तेव्हा त्याने गंभीर तोंडाने सांगितलं. मला हसू आवरेना. वंदना तर पदर तोंडाला लावून आत पळाली. घरात टाइल्सचा संडास, आणि घरचा कर्ता पुरुष, कंपनीचा सुपरवायझर, टमरेल घेऊन निघाला.

पण युक्ती लागू पडली. आवाज आला की तो टमरेल जरा पुढे धरायचा, आणि गाड्या वेग वाढवून निघून जायच्या. पहिल्या दिवशी त्यात पाणी भरलं होतं, ते विजारीवर सांडलं. दुसऱ्या दिवसापासून रिकामं. जाताना अडीच किलोमीटर, येताना अडीच, बरोबर पन्नास मिनिटं. घामाने शर्ट पाठीला चिकटायचा. पंधरा दिवसांत तोंडावरची सूज उतरल्यासारखी झाली, पट्टा एक भोक आत गेला. जेवताना मला म्हणाला, "आई, चालताना डोकं इतकं मोकळं होतं ना. दिवसभरात तेवढाच वेळ मला कुणी काही मागत न्हाई." त्याचं हे बोलणं माझ्या मनात रुतून बसलं. चाळीस प्लॉट, आम्ही तिघी, त्याची लेक, सगळे त्याला दिवसभर काही ना काही मागतच होतो.

सतराव्या दिवशी तो पथकाला सापडला.

त्या साली गावं हागणदारीमुक्त करायची मोहीम जोरात होती. तालुक्याचं पथक पहाटे जीप घेऊन यायचं, त्याला गुडमॉर्निंग पथक म्हणायचे. बाहेर बसणाऱ्याला पकडून गुलाबाचं फूल द्यायचे, फोटो काढायचे, समज द्यायचे, कधी दंड करायचे. वळणावरच्या लिंबाखाली जीप दिवे बंद करून उभी होती. पुढचं मला भुजंगने सांगितलं. तो तेव्हाच तिथून चालला होता आणि या वेळी मात्र थांबला.

शिट्टी वाजली. टॉर्च तोंडावर आला. पथकात आमच्या गावचे ग्रामसेवकही होते.

"अहो, सोमेश्वरराव? तुम्ही?"

सोमेश्वर गप्प.

"तुमच्याकडं तर संडास आहे. आमच्या यादीत पहिलं नाव तुमचं!"

सोमेश्वर गप्पच.

दुसरा एक साहेब म्हणाला, "शिकलेल्या लोकांची ही तऱ्हा. संडास बांधायचा फोटोपुरता, आत जळण भरायचं."

"काही सांगायचंय का तुम्हाला?" ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं. ते चांगले माणूस होते, त्यांना याला सुटायला जागा द्यायची होती. याने एवढंच म्हणायचं होतं की मला शुगर आहे, मी चालायला निघालोय, टमरेल रिकामं आहे, बघा. भुजंग मला म्हणाला, "काकू, मी वाट बघून राह्यलो की आता बोलतील. पण सायेब नुसते पायाकडं बघत उभे. मंग मलाच कसंतरी झालं."

तो बोलला नाही, कारण त्याच्या तोंडाला कुलूप मी घातलं होतं.

एका हातात टमरेल, एका हातात गुलाब, असा त्याचा फोटो तो घरी पोचायच्या आधी गावाच्या ग्रुपवर पोचला. फूल त्याने ओट्यावर ठेवलं, आंघोळ केली आणि सातला प्लॉटवर गेला. तिथेही फोटो पोचला होता. क्रॉसिंगवाल्या बायांमधल्या बेबीनंदाने त्याला बांधावरून हाक दिली म्हणे, "सायेब, आमच्या कपाशीत बसू नका बरं, बियाणं बाद व्हईल!" चाळीस बाया हसल्या. तोही हसला असेल. त्याला दुसरं काय येतं?

तिसऱ्या दिवशी गिरिजाबाईचा फोन.

"उषे, तुमच्याकडं संडास न्हाई का गं?"

"आहे की. दहा वर्षं झाली."

"मंग हा फोटो कशाचा? अंबडच्यांनी मला पाठवला. मुलाची आई म्हणाली, आमची मुलगी तिकडं जायची नाही, त्यांची इकडं यायची, पण घराची रीत कळली पाह्यजे ना."

आता तरी खरं बोलायचं. पण माझी जीभ आधीच वळलेली होती. "त्याचं पोट बिघडलं होतं गं," मी म्हणाले. "टमरेल बरोबर घेऊनच प्लॉटवर निघाला होता, वाटेतच लागली. घाईत गेला."

"असं व्हय. मग सांगते तसं." गिरिजाबाई हसली. स्थळ वाचलं.

सोमेश्वर पलंगावर बसून सगळं ऐकत होता. त्याने बूट उचलले, पुसले आणि कपाटावर ठेवून दिले. क्रॉसिंगचा हंगाम आहे, वेळ नाही, असं त्याने वंदनाला सांगितलं. हंगाम होताच, वेळही नव्हता, त्यामुळे कुणी त्यावर काही म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता कुणी काही विचारणार नव्हतं. एखादी गोष्ट टाळायला कामासारखी चांगली सबब नाही. कामाला कुणी नावं ठेवत नाही.

दसऱ्याच्या आधी वंदनाने धुवायला काढलेल्या मोज्यावर डाग पाहिला. रक्त आणि पिवळं पाणी. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाचं, खुंट बुटातून आत घुसलं होतं. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, "बारा-पंधरा." दुखलं नाही का विचारलं तर म्हणाला, "तेच तर. काही कळलंच न्हाई."

ह्यांनीही हेच म्हटलं होतं. अगदी हेच.

तृप्ती तेव्हा जालन्याला डी.फार्मसी करत होती, दसऱ्याला घरी आली होती. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, पाय मांडीवर घेतला, जखम धुतली. मी दिवा धरून उभी होते. पट्टी बांधून झाल्यावर तिने विचारलं, "दादा, चालणं का सोडलंस?"

"काम होतं."

"खोटं. वंदनावहिनीनं मला सगळं सांगितलंय." मग ती माझ्याकडे वळली. "आई, माझं लग्न जमावं म्हणून दादाचा पाय घालवायचा आहे का तुला? त्या लोकांना पाय असलेला मेहुणा चालंल का नसलेला, ते तरी विचार फोन करून."

"तृप्ती," सोमेश्वर म्हणाला, "आईला काही बोलू नको."

"मी आईला न्हाई बोलत. मी पायाला बोलून राह्यले."

मी फोन घेऊन अंगणात गेले. गिरिजाबाईला सांगितलं की सोमेश्वरला साखर आहे, त्याच्या वडिलांनाही होती, पाय त्यानेच गेला, आणि तो त्या दिवशी बाहेर बसायला नाही, चालायला गेला होता. मग ती म्हणाली, "उषे, मला तरी सांगायचं होतंस." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

अंबडकडून पुन्हा फोन आला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. साखरेने मोडलं, खोट्याने मोडलं, की त्यांना दुसरी मुलगी मिळाली, मला आजही माहीत नाही. तृप्तीला विचारलं तर ती म्हणाली, "मला त्या मुलाच्या मिशा आवडल्या नव्हत्या." खरं असेल किंवा माझ्यासाठी म्हणाली असेल.

जखम भरायला सहा आठवडे लागले. जालन्याला दर आठवड्याला ड्रेसिंग, गोळ्या वाढल्या, इन्सुलिनही काही दिवस घ्यावं लागलं. त्या सहा आठवड्यांत मला एकही रात्र सलग झोप लागली नाही. डॉक्टरने परत चालायची परवानगी दिली तेव्हा नोव्हेंबर लागला होता. अंकुशनगरच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. म्हणजे रस्त्यावर गाड्या दुप्पट.

पहिल्या दिवशी मीच पाचला उठून दार उघडलं. तो मोकळ्या हातांनी निघाला. भुजंग थांबलाच.

"बसा सायेब."

हे संभाषण त्याने मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना मोठं काम करून आल्यासारखा त्याचा चेहरा होता. तो म्हणाला होता, "भुजंग, मला शुगर हाय. डॉक्टरनं रोज पन्नास मिनिटं चालायला सांगितलंय. माझ्यासाठी गाडी थांबवू नको."

भुजंगने गाडी स्टँडवर लावली. "शुगर? मंग आधी बोलायचं ना बाप्पा! मी समजलो, सायेबाला माझ्या कॅनचा वास येतो म्हणून ते टमरेल घेऊन फिरून राह्यले."

"तुला कळलं होतं टमरेल रिकामं हाय म्हणून?"

"पहिल्या दिवशीच. भरलेलं टमरेल माणूस असं हलवत नेतो का?"

भुजंगला सांगितलेली गोष्ट चाळीस घरांत दुधाबरोबर पोचते. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. मला वाटत होतं, लोक काय म्हणतील. लोकांनी मेथ्या आणून दिल्या, जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. एका म्हातारीने कारल्याचा वेलच मुळासकट आणून अंगणात लावला. चौघांनी हळूच सांगितलं की त्यांनाही आहे, पण कुणाला बोलू नका. इतकी वर्षं एकाच गल्लीत राहून आम्ही सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

मग गाड्या थांबायच्या बंद झाल्या. इतक्या बंद झाल्या की एकदा बांधावर त्याची गाडी पंक्चर झाली, हातात बियाण्याच्या नमुन्यांची पोती, तो रस्त्यावर हात करत उभा, आणि येणारे-जाणारे हॉर्न वाजवून ओरडत गेले, "चालू द्या सायेब! बराबर चालले!" त्या दिवशी पोती डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चालला.

पण खरं अवघड ते नव्हतंच. अवघड होतं ते पुढच्या जुलैत, हंगाम परत आल्यावर. आजार नवा असतो तेव्हा माणूस भीतीने चालतो. साखर आटोक्यात आली, भीती ओसरली, की अंथरूण गोड लागतं. एक दिवस सुटला, मग सलग तीन सुटले. चौथ्या दिवशी त्याने वहीत प्लॉटची यादी काढली आणि नवीन मांडणी केली. जे सात प्लॉट एकाच ओढ्याच्या काठाने आहेत ते गाडीने करायचे नाहीत. पहिल्या बांधावर गाडी लावायची आणि सातही पायी करायचे. पहाटेचं चालणं चुकलं तर ते चालणं आहे. पहाटेचं झालं तरी ते आहेच. चहाला त्याने एक वाक्य ठरवलं, "बिनसाखरेचा असंल तर दोन घोट." पहिल्या वेळी ते म्हणताना त्याला घाम आला म्हणे. आता येत नाही.

वंदनाने एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "आत्या, ह्यांना पन्नास मिनिटं मिळावीत म्हणून मी साडेचारला उठते. माझी पन्नास मिनिटं कुठंत?" आता रविवारी सकाळचा स्वयंपाक मी करते आणि ती त्याच्याबरोबर जाते. आठवड्यातून एकदाच. हे पुरेसं नाही हे मलाही कळतं.

दोन वर्षांनी तृप्तीचं लग्न ठरलं, मंठ्याकडचं स्थळ. या वेळी पहिल्याच बैठकीत, पोहे यायच्या आधी, मी सगळं सांगून टाकलं. मुलाच्या वडिलांनी फक्त विचारलं, "डॉक्टर कोण हाय त्यांचा?" आणि नाव लिहून घेतलं. कशाला ते मी विचारलं नाही.

लग्न फेब्रुवारीत. आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. लग्नाच्या सकाळी देवक बसवायचं होतं. त्यासाठी जोडपं लागतं. मी विधवा, मला बसता येत नाही. त्यामुळे बसायचं सोमेश्वर-वंदनाने. दोघांशिवाय पुढचं काहीच हलणार नव्हतं. रात्री मी त्याला म्हणाले, "उद्याचा दिवस तरी राहू दे." तो काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं.

सकाळी सहाला गुरुजी आले. पाट मांडले, सुपारी, तांदूळ, आंब्याचे डहाळे सगळं तयार. वंदना शालू नेसून उभी. आणि सोमेश्वरचे बूट जागेवर नव्हते.

चतुराबाईने आधी मोरी पाहिली, मग माळवद पाहिलं, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "वैनी, पोरगा कुठंय?"

"चालायला गेलाय."

"आज?" तिने तो शब्द असा उच्चारला की ओसरीवरचे सगळे पाहुणे वळून बघायला लागले. "सख्ख्या बहिणीचं लग्न, गुरुजी येऊन बसलेत, आणि हा हवा खायला गेला? लोक काय म्हणतील? पप्पूला गाडी घेऊन पाठव. आत्ता आणतो बसवून."

पप्पू, तिचा मुलगा, किल्ली घेऊन उठलाच होता. मलाही राग आला होता. खोटं कशाला सांगू, मी रात्री सांगितलं असूनही तो गेला याचा मला संताप आला होता. एक क्षण वाटलं, जा म्हणावं. मग वाटलं, आज जा म्हटलं तर उद्या पाहुणे आहेत, परवा पूजा आहे, त्यानंतर हंगाम आहे. आमच्या घरात कारण नसलेला दिवस कधी उजाडला आहे?

"पप्पू, बस खाली," मी म्हणाले. "गाडी न्यायची नाही."

"अगं पण गुरुजी—"

"गुरुजी, देवकाला थोडा उशीर चालेल ना?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं, चतुराबाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लग्नाची वेळ दुपारची आहे," ते म्हणाले. "चहा मात्र लागेल."

मी पाहुण्यांना चहा दिला. चतुराबाईने घेतला नाही, तरी तिच्यापुढे ठेवला. तृप्ती आतून हळदीच्या अंगाने डोकावली आणि हसून परत आत गेली. दुसऱ्यांदा चहा फिरवला. तिसऱ्यांदा आधण ठेवलं, तेव्हा दारात बुटांचा आवाज आला.